कोल्हापुरात सल्लागार म्हणून उभं राहताना: ओळख माणसाकडून, खात्री मोबाइलवर

कोल्हापुरात सल्लागाराला काम ओळखीतूनच मिळतं. शिरोलीतल्या एखाद्या कारखानदाराला वीजबिलाचा त्रास होत असतो. तो आपल्या सीएला नाहीतर शेजारच्या शेडमधल्या मित्राला म्हणतो, "कुणी जाणता माणूस असला तर सांगा की." तिथं तुमचं नाव निघतं. पण नाव निघाल्यावर आणि तुम्हाला फोन येण्याआधी मधे एक गोष्ट घडते. तो कारखानदार, किंवा पुण्याला शिकून परत आलेला त्याचा मुलगा, मोबाइलवर तुमचं नाव टाकून बघतो. त्या दोन मिनिटांत त्याला काय दिसतं यावर पुढचं बरंच ठरतं.

मी फौंड्र्यांना, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांना, ऊर्जाबचतीचा सल्ला देतो. लिंक्डइन, गुगल, व्हॉट्सअ‍ॅप या सगळ्यांचा मला खरा उपयोग झाला तो या दोन मिनिटांसाठी. नव्यानं या धंद्यात येणाऱ्यांना मी आधी हेच सांगतो. अनोळखी गिऱ्हाईक इंटरनेटवरून आपोआप येईल या आशेवर वर्ष घालवू नका. ओळखीनं आलेल्या माणसाची खात्री पटेल एवढी तयारी ऑनलाइन करा आणि उरलेला वेळ माणसांत घालवा.

त्याआधी विषय ठरवायला हवा, आणि तो जितका अरुंद तितका चांगला. "व्यवसाय सल्लागार" एवढंच लिहिलेला माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. "फौंड्रीचं वीजबिल बघणारा" म्हटलं की राहतो. आपल्याकडं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत असा फौंड्री आणि मशीनशॉपचा मोठा पट्टा आहे. इचलकरंजीत यंत्रमाग आहेत, हुपरीत चांदी, आणि जिल्हाभर साखर कारखाने व गुऱ्हाळं. प्रत्येकाचे प्रश्न वेगळे. यातला एक धंदा निवडा आणि त्यातलाही एकच प्रश्न हातात घ्या.

माझ्या विषयाचं उदाहरण देतो, म्हणजे किती खोलात जावं लागतं ते कळेल. इंडक्शन फर्नेसवर, म्हणजे विजेच्या भट्टीवर, एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. एकसारख्या दोन भट्ट्यांत हा आकडा वेगळा का येतो, हे शोधणं म्हणजे माझं काम. कधी झाकण उघडं ठेवून हीट (भट्टीतला एक वितळ) घेतलेली असते. कधी भंगाराला वाळू आणि गंज असतो. पुष्कळदा तर हीट तयार होते आणि मोल्ड, म्हणजे साचे, तयार नसतात. मग धातू भट्टीतच धरून ठेवावा लागतो, वीज जात राहते आणि कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, एकही निघत नाही. म्हणजे बिलातला दोष मोल्डिंगच्या नियोजनात सापडतो. दुसरी बाजू बिलाची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीनं, म्हणजे किलोवॉट-तासांना पॉवर फॅक्टरनं भागून येणाऱ्या युनिटांवर, बिल येतं. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेतला किती भाग खऱ्या कामी लागतो ते प्रमाण. महिन्याला १ लाख किलोवॉट-तास वापरणाऱ्याचा पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर बिलात सुमारे १,०५,२६० युनिट लागतात, ०.९९ असेल तर १,०१,०१० च्या आसपास. सव्वाचार हजार युनिटांचा हा फरक पॉवर फॅक्टर सुधारणारं कपॅसिटर पॅनेल नीट नसल्यामुळं पडतो. हे गणित मालकासमोर त्याच्याच बिलावर मांडता आलं की तो खुर्ची पुढं ओढतो.

पात्रतेचं म्हणाल तर या क्षेत्रात ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची प्रमाणित ऊर्जा परीक्षकाची परीक्षा आहे. चार पेपर असतात. ती द्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण ओळख नसलेल्या ठिकाणी प्रमाणपत्रच तुमच्या वतीनं बोलतं. तुमच्या क्षेत्रात अशी मान्यताप्राप्त परीक्षा असेल तर टाळू नका.

आता लिंक्डइन. नावाखालच्या ओळीला २२० अक्षरं मिळतात. तिथं जुनं पद किंवा "उद्योजक" असं मोघम काही लिहू नका. कुणासाठी, काय, कुठं, एवढं लिहा: फौंड्रीसाठी वीजबचत, ऊर्जा परीक्षण, कोल्हापूर-सांगली. फोटो कामाच्या ठिकाणचा आणि चेहरा स्पष्ट दिसणारा असावा. 'माझ्याविषयी' या भागात शेवटी फोन नंबर आणि ईमेल टाका. कित्येकांच्या प्रोफाइलवर संपर्काची सोयच सापडत नाही.

पोस्ट काय टाकायच्या यावर पोरं अडून बसतात. माझा मार्ग असा: बिलातली एक ओळ घ्यायची आणि ती साध्या मराठीत समजावून सांगायची. करारित मागणी म्हणजे काय, ती कमी-जास्त केली तर काय होतं. दिवसाच्या कुठल्या वेळी वीज स्वस्त पडते आणि हीटचं वेळापत्रक त्याला जुळवता येतं का. कॉम्प्रेसरच्या पाइपमधली गळती सुट्टीच्या दिवशी, सगळं शांत असताना कशी ऐकायची. आपलं ज्ञान फुकट वाटल्यासारखं होईल ही भीती बाळगू नका. वाचून स्वतः दुरुस्त करणारे थोडे असतात. बाकीचे म्हणतात, याला कळतंय, यालाच बोलवू. सुपरवायझर आणि मालक मराठीत वाचतात, पुण्या-चाकणच्या वाहन कंपन्यांतले पुरवठादार विकास बघणारे इंजिनिअर इंग्रजीत. कोल्हापूरच्या कास्टिंगचं गिऱ्हाईक तिकडं आहे, म्हणून महत्त्वाची पोस्ट मी दोन्ही भाषांत लिहितो. आठवड्याला एक नीट पोस्ट पुरते.

पोस्टपेक्षाही जास्त फळ मला दुसऱ्यांच्या पोस्टखाली विचारपूर्वक लिहिलेल्या उत्तरांतून मिळालं. एखाद्यानं भट्टीच्या लायनिंगबद्दल, म्हणजे आतल्या अस्तराबद्दल, विचारलं असेल तर चार ओळींत नेमकं उत्तर द्या. "छान माहिती" लिहून कुणाच्या लक्षात राहता येत नाही. ओळख-विनंती पाठवताना कुठं भेटलो, कशासाठी जोडू इच्छितो हे एका वाक्यात लिहा. आणि विनंती स्वीकारल्याबरोबर माहितीपत्रक धाडू नका. पाहुणा दारात आल्या आल्या त्याच्या हातात बिल ठेवल्यासारखं होतं ते.

गुगलवर व्यवसायाची नोंद मात्र पहिल्याच आठवड्यात करून टाका. फुकट आहे. घरातून काम करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवाक्षेत्र दाखवता येतं. काम झालं की गिऱ्हाईकाला अभिप्राय मागा, आणि काय काम केलं ते दोन ओळींत लिहा अशी विनंती करा. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत देणं गुगलच्या नियमांत बसत नाही आणि आपल्यालाही शोभत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये कॅटलॉगच्या जागी सेवा लिहा, लेबलं लावा: चौकशी, कोटेशन दिलं, काम चालू, पैसे येणे. ब्रॉडकास्ट संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो, म्हणून भेटीतच म्हणा, "नंबर सेव्ह करून ठेवा साहेब."

आणि आता भेटींबद्दल. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं काम इथं होतं. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा आणि इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनचा कोल्हापूर चॅप्टर या उद्योजकांच्या संस्थांकडं जायला लाजू नका. पदाधिकाऱ्यांना भेटा आणि म्हणा, सभासदांना वीजबिल वाचायला शिकवतो, अर्धा-पाऊण तास द्या, काही मागत नाही. येताना प्रत्येकानं आपलं बिल आणावं असं आधी कळवा. व्याख्यान संपल्यावर जे बिल घेऊन तुमच्याभोवती उभे राहतात ते तुमचे पहिले गिऱ्हाईक. त्याच संध्याकाळी लिंक्डइनवर त्यांना जोडा. सभागृहातली ओळख दुसऱ्या दिवशी पुसट होते, मोबाइलवर जोडलेली राहते.

मालकाच्या आसपासची माणसंही महत्त्वाची. सीए, इलेक्ट्रिकल ठेकेदार, पॅनेल बनवणारे, भट्टीची दुरुस्ती करणारे. मालकाला बिल टोचतंय हे यांना सगळ्यात आधी कळतं. यांच्याशी दलालीचं नातं जोडू नका असं मी कळकळीनं सांगतो. ज्या ठेकेदाराकडून तुम्ही कमिशन घेता, त्याचंच पॅनेल बसवा असा सल्ला दिलात तर तुमच्या सल्ल्याला किंमत राहत नाही. आणि ही गोष्ट उद्यमनगरात लपत नाही. त्याऐवजी कामाच्या जोडण्या करून द्या. तुमच्याकडं आलेलं, पण तुमच्या विषयाबाहेरचं काम योग्य माणसाकडं पाठवा.

प्रत्यक्ष कामासाठी साधनं साधीच ठेवा. बिलांची नोंद गुगल शीटमध्ये, प्रत्येक गिऱ्हाईकाचं वेगळं फोल्डर, आणि ते फक्त त्यालाच दिसेल असं. लांबच्या माणसाशी पहिली भेट गुगल मीटवर चालते, पण भट्टी बघायला जावंच लागतं. इंग्रजी ईमेलचा मसुदा करायला एआय साधनं खुशाल वापरा. गिऱ्हाईकाचं बिल, ग्राहक क्रमांक, उत्पादनाचे आकडे मात्र परवानगीशिवाय तिथं टाकू नका. शेजारी शेजारी स्पर्धक असलेल्या गावात गोपनीयतेवरच विश्वास टिकतो.

पैशाचं बोलणं सुरुवातीलाच आणि लेखी करा. प्रस्ताव एका पानाचा: काय बघणार, काय देणार, किती दिवसांत, फी किती, आगाऊ किती. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा. ती जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाल्यास सरकारकडं ऑनलाइन तक्रारीची सोय आहे. फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी लागते. फी सांगताना "अधिक जीएसटी" हे शब्द विसरले की १८ टक्के दराचा जीएसटी आपल्याच खिशातून जातो.

अहवाल दिल्यावर काम संपलं असं समजू नका. पुढची तीन बिलं मागवून घ्या, टनामागं किती युनिट लागले ते आधीच्या आकड्याशेजारी मांडा आणि ते एक पान मालकाला पाठवा. त्याची परवानगी मिळाली तर कारखान्याचं नाव न घेता तीच तुमची पुढची पोस्ट. ते पान भट्टीवरच्या सुपरवायझरलाही पाठवा. झाकण रोज बंद करणारा तो असतो, आणि उद्या तो नोकरी बदलून दुसऱ्या फौंड्रीत गेला की तिथं तुमचा नंबर काढून देणाराही बहुधा तोच असतो.