अ‍ॅडव्हेंटमध्ये स्तोत्रं कशी वाचायची: तक्रार गाळू नका, स्तुती तिथूनच निघते

अ‍ॅडव्हेंट म्हणजे नाताळच्या आधीचा आगमनकाळ, तो आला की खूप जण ठरवतात, या वेळी बायबलमधली स्तोत्रसंहिता वाचायची. मग रोज एक नवं स्तोत्र, मोबाईलवर, घाईघाईत, आणि पहिला आठवडा संपायच्या आत सगळं मागे पडतं. पाश्चात्त्य परंपरेच्या चर्चमध्ये आगमनकाळ २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामधल्या रविवारी सुरू होतो, म्हणजे हातात कधी २८ दिवस असतात तर कधी फक्त २२. स्तोत्रं आहेत १५०. तो हिशोब मांडूच नका, आठवड्याला एकच स्तोत्र घ्या आणि सात दिवस तेच वाचा. कंटाळा येईल, येऊ दे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधी नजरेतून सुटलेली ओळ दिसायला लागते.

वाचताना मोठ्यानं वाचा. ही मुळात म्हणायची, गायची गाणी आहेत, नुसती डोळ्यांनी वाचली तर अर्धी हातातून जातात. आणि आकड्यांचा घोळ आधीच सांगून ठेवते: जुन्या लॅटिन परंपरेच्या पुस्तकांत बऱ्याच स्तोत्रांचा नंबर एकानं कमी असतो, आपलं १३० वं तिथे १२९ वं, कारण तिथे ९ आणि १० मिळून एकच धरलंय. म्हणजे पुस्तक चुकीचं नाही. इथे मी नेहमीच्या मराठी बायबलमधलेच नंबर देतेय.

पहिल्या आठवड्याला ८० वं घ्या. आनंदी नाहीये ते. देवा, तुझ्या लोकांच्या प्रार्थनेवर किती काळ रागावणार, असं थेट विचारलंय, आणि आम्हाला परत आण, तुझ्या मुखाचा प्रकाश पाडून आम्हाला तार, ही विनवणी तीनदा येते, वचन ३, ७ आणि १९ मध्ये. तीन वेळा वाचताना एक बारीक गोष्ट बघा, देवाला मारलेली हाक दर वेळी थोडी वाढत जाते, आधी नुसतं देवा, मग सेनाधीश देवा, मग हे परमेश्वरा, सेनाधीश देवा. परिस्थिती तीच आहे पण हाक मोठी होत गेलीय. अनेक चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या वाचनांच्या यादीत या स्तोत्राचा मधला भाग गाळलेला असतो, तो द्राक्षवेलीचा (वेल म्हणजे देवाचे लोक), ज्याचं कुंपण देवानंच मोडलंय आणि रानडुकरं आत शिरलीयत. घरी वाचताना तो भाग जरूर वाचा. तो वाचला नाही तर माणूस एवढं कळवळून का ओरडतोय तेच कळत नाही. आणि हे स्तोत्र "आम्ही" म्हणून बोलतं, तेव्हा त्या आठवड्यात स्वतःपुरतं न मागता ज्यांचं खरंच काही उद्ध्वस्त झालंय त्यांची नावं घेऊन वाचा.

दुसऱ्या आठवड्याचं ८५ वं माझं सगळ्यात आवडतं, कारण प्रार्थना कशी करायची ते यात तयार मिळतं. वचन १ ते ३ मध्ये मागची आठवण आहे, तू आधी आमच्यावर कृपा केली होतीस. ४ ते ७ मध्ये आजचं मागणं, आता परत कर ना. मग ८ व्या वचनात एकदम, देव काय म्हणतो ते मी ऐकून घेईन. आणि त्यानंतर ती प्रसिद्ध ओळ, जिथे दया आणि सत्य एकमेकांना भेटतात, नीती आणि शांती एकमेकींचं चुंबन घेतात. हाच साचा वापरून स्वतःची प्रार्थना लिहा, वही घ्या, पहिल्या भागात देवानं आधी काय केलंय ते लिहा (इथे मोठे चमत्कार शोधत बसू नका, साधं काहीही चालेल), दुसऱ्यात आज काय हवंय ते अगदी स्पष्ट लिहा, आणि मग पेन खाली ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. लोक पहिले दोन भाग व्यवस्थित करतात आणि गप्प बसायची वेळ आली की उठतात. आशा मात्र त्या ८ व्या वचनानंतरच येते, आधी नाही.

तिसरा रविवार आनंदाचा, बऱ्याच ठिकाणी गुलाबी मेणबत्ती लावतात. त्या आठवड्यात १४६ वं. स्तोत्रसंहितेची शेवटची पाच स्तोत्रं परमेश्वराच्या स्तवनानंच सुरू होतात आणि तशीच संपतात, त्यातलं हे पहिलं. परमेश्वर भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना मोकळं करतो, आंधळ्यांना दृष्टी देतो, परके, अनाथ, विधवा यांना सांभाळतो. आता याच्या शेजारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय उघडून ठेवा. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात आहे आणि तिथून निरोप पाठवून विचारतोय, येणारे ते तुम्हीच ना, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहू? येशू उत्तर देतो, आंधळे पाहतात, लंगडे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात. बंदिवान सुटल्याचं मात्र त्यात नाही. आणि विचारणारा स्वतः बंदिवान! योहान शेवटी तिथून जिवंत बाहेर आला नाही. मला वाटतं, १४६ ची स्तुती हे माहीत असूनच म्हणायची, नाहीतर ती आपलं सगळं ठीक चाललंय तोवरच टिकते.

कुणाला यंदा स्तुती जमतच नसेल, घरात मृत्यू झाला असेल, आजारपण असेल, तर १४६ जबरदस्तीनं म्हणू नका. ८८ वं वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी काही गोड वळण नाही, तरी पहिल्याच वचनात देवाला माझ्या तारणाऱ्या देवा अशी हाक आहे. तेवढी हाक मारलीत तरी त्या दिवसाचं वाचन झालं. १३० वं पण चालेल, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून जास्त, असं त्यात दोनदा म्हटलंय.

चौथ्या आठवड्यात लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय स्तोत्रांबरोबर वाचा, यात खरी मजा आहे. योहानाचा बाप जखऱ्या कित्येक महिने मुका राहून अखेर बोलतो तेव्हा त्याचं गीत इस्राएलाचा देव परमेश्वर धन्यवादित असो असं सुरू होतं, आणि जवळजवळ हेच शब्द ४१, ७२ आणि १०६ च्या शेवटी आहेत, जिथे स्तोत्रसंहितेचा एकेक भाग संपतो. येशूची आई मरीया हिच्या गीतातलं भुकेल्यांना तृप्त करणं १०७:९ मध्ये (१०७ वं स्तोत्र, वचन ९) सापडतं, पिढ्यानपिढ्यांची दया १०३:१७ मध्ये. म्हणजे नाताळच्या गोष्टीतली माणसं अत्यानंदाच्या क्षणी आयत्या वेळी नवे शब्द शोधत नव्हती, आयुष्यभर म्हटलेलं तोंडात होतं. शोधायला बसा, अजून बऱ्याच ओळी मिळतील.

८९ वं पण याच आठवड्याचं, देवानं दावीद राजाला दिलेल्या शब्दाचं. यादीत असलं तर बहुधा गोड भागापाशी थांबतात, तुम्ही पुढे ३८ व्या वचनापर्यंत जा, तिथे "पण तू तर टाकून दिलंस" म्हणून भांडण सुरू होतं.

२४ डिसेंबरच्या संध्याकाळी २४ वं, घरात मुलं असतील तर वाटून घेऊन. वचन ७ ते १० मध्ये वेशींना आपली मस्तकं वर करायला सांगितलंय आणि आतून विचारतात, हा गौरवशाली राजा कोण? एकानं दाराच्या आत उभं राहून विचारायचं, बाकीच्यांनी बाहेरून उत्तर द्यायचं, दोन्ही वेळा, आणि दुसऱ्या वेळी जोरात. मग दार उघडायचं. नाताळच्या दिवसापासून ९६, ९७, ९८ एकापाठोपाठ घ्या, आणि अगदीच लहान मूल असेल तर ११७ वं, ते दोनच वचनांचं आहे, पाठ होतं.