घरच्या रेकॉर्ड्स: स्वतः ऐकाव्यात कशा, चार जणांना ऐकवाव्यात कशा

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की दर वर्षी एखादा तरी फोन येतो. "माळ्यावर बाबांच्या रेकॉर्ड्स सापडल्यात. शंभर-दीडशे असतील. आता त्यांचं काय करू?" माझं उत्तर ठरलेलं असतं. विकू नका, चौकट करून भिंतीवर लावू नका आणि आज लगेच वाजवूही नका. आठवडाभर त्यांची नीट तयारी करा आणि मग एका रविवारी चार माणसं घरी बोलवा. ज्या घरात ग्रामोफोन असायचा त्या घराच्या ओसरीवर शेजारपाजार जमायचा. एकट्याने कानात घालून ऐकायला फोन आहेच. रेकॉर्डला बैठक लागते, आणि अशी बैठक दोन खोल्यांच्या घरातही उत्तम होते.

पहिली पायरी: कोणती रेकॉर्ड कसली आहे ते ओळखा

रेकॉर्ड हातात घेऊन नखाने हलकेच टिचकी मारा. जड, ताठ आणि टणक वाजली तर ती लाखेची, म्हणजे ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी). बहुतेक दहा इंची असते आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटं वाजते. हातातून सुटली तर काचेसारखी फुटते. हलकी आणि किंचित वाकणारी असेल तर ती व्हिनाइलची. त्यात बारा इंची एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते आणि एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं वाजते. सात इंची छोटी असते ती बहुधा ४५ची. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली. आपल्याकडे मात्र त्यानंतरही कितीतरी वर्षं लाखेच्या तबकड्या निघत राहिल्या, म्हणून जुन्या मराठी घरांत दोन्ही एकाच पेटीत सापडतात.

ही वाटणी आधी करायची, कारण दोघींची सुई वेगळी आणि आंघोळही वेगळी. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते, तर ७८च्या सुईची सुमारे ७५. एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाशी लोळत जाते. मग गाणं कमी आणि खरखर जास्त, आणि लोक म्हणतात की रेकॉर्डच खराब आहे. निम्म्या वेळा दोष सुईचा असतो.

दुसरी पायरी: धुणं

आधी कोरडी धूळ काढा. कार्बन फायबरचा मऊ ब्रश मिळतो. रेकॉर्ड फिरत असताना तो खाचांवर हलका टेकवायचा आणि हळूहळू कडेकडे आणायचा.

वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या रेकॉर्डला तेवढं पुरत नाही. आपल्या हवेत पावसाळ्याची बुरशी पांढऱ्या ठिपक्यांसारखी बसलेली असते. एलपीसाठी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एकच थेंब टाका. मऊ मायक्रोफायबर कापडाने खाचांच्या दिशेने, म्हणजे गोल गोल पुसा. आतून बाहेर आडवा हात कधीच मारू नका. मधल्या कागदी लेबलला पाणी लागू देऊ नका. शेवटी साध्या डिस्टिल्ड पाण्याचा हात फिरवा आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभी करून सावलीत वाळवा. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात, म्हणून ते नको.

लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर किंवा कोणतंही अल्कोहोल लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा सुतार चपडी स्पिरिटमध्येच विरघळवतो ना, तेच इथे होतं. एका परिचित घरात अशीच उत्साहाने पुसलेली तबकडी मी पाहिली आहे. चकाकी गेली होती आणि पहिलं दीड मिनिट कायमचं पुसलं गेलं होतं. लाखेला फक्त ओलसर कापड, आणि लगेच कोरडं करणं.

तिसरी पायरी: यंत्र

माळ्यावर रेकॉर्ड्सबरोबर जुना प्लेयरही सापडला, तर त्यावर आधी चांगली रेकॉर्ड घालू नका. त्याची सुई कधी बदलली होती हे कुणालाच आठवत नसतं. झिजलेली सुई खाच खरवडते आणि ते नुकसान परत भरून येत नाही. चांगली हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास चालते. चावीच्या ग्रामोफोनची स्टीलची पिन तर एका बाजूनंतर बदलायची असते. आणि त्यावर एलपी कधीही लावायची नाही, कारण त्याच्या साउंडबॉक्सचं, म्हणजे पिन धरून आवाज काढणाऱ्या गोल डबीचं, वजन एलपीला सोसत नाही.

नवा टर्नटेबल घेणार असाल तर दुकानात तीन गोष्टी विचारा. आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, भार कमी-जास्त करता येतो का, सुई वेगळी मिळते का आणि ७८चा वेग आहे का. आजच्या बऱ्याच यंत्रांना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. आर्मचा भार कार्ट्रिजच्या, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीच्या, कागदावर लिहिलेला असतो. एलपीच्या कार्ट्रिजला बहुधा दीड ते अडीच ग्रॅम लागतो. भार कमी ठेवला तर रेकॉर्ड जपली जाईल हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि त्या उड्याच खाच खातात.

आता जागा. सुताराकडची पाणसळ आणून टर्नटेबल चारी बाजूंनी सपाट करा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. जुन्या लाकडी तक्तपोशीच्या घरात कुणी चाललं तरी सुई उडते, तिथे भिंतीत ठोकलेली फळी बरी. सतत घुंऽऽ असा आवाज येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला जोडायची राहिली आहे का ते बघा. आवाज अगदी बारीक आणि पातळ येत असेल तर मध्ये फोनो प्रीॲम्प्लिफायर, म्हणजे सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र, नाही.

चौथी पायरी: वेग, म्हणजेच सूर

ही पायरी लोक गाळतात आणि माझा जीव तिथेच अडकतो. वेग चुकला की पट्टी चुकते. ७८ची तबकडी मिनिटाला ८२-८३ फेऱ्यांनी फिरली, तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. हार्मोनियमच्या काळी एक पट्टीत गाणारी गायिका पांढरी दोनमध्ये गाऊ लागते, आवाज पातळ होतो, ताना धावायला लागतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं की जुन्या बायका अशाच किनऱ्या आवाजात गायच्या. तो त्यांच्यावर अन्याय आहे.

वेग तपासायला स्ट्रोबची, म्हणजे कडेने रेषा छापलेली, चकती मिळते. ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी छापलेली आहे ना ते बघून घ्या. ३३ १/३ साठी तिच्यावर १८० रेषा असतात. अमेरिकेतून आणलेल्या ६० हर्ट्झच्या चकतीवर २१६ असतात आणि ती इथे चुकीचं सांगते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली बघितलं तर योग्य वेगाला रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली तशा दिसत नाहीत.

त्यातही सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या नेमक्या ७८ वर मुद्रित झालेल्याच असतात असं नाही. अशा वेळी कानच कामाला येतो. घरात हार्मोनियम किंवा फोनवर तानपुऱ्याचं ॲप असेल तर तबकडीतला षड्ज, म्हणजे सा, शोधा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लोंबकळत असेल, तर वेग किंचित बदलून जवळच्या पट्टीवर आणून बघा. आवाजाला अचानक माणसाचं वजन येतं. ते एकदा ऐकलंत की पुन्हा घाईने रेकॉर्ड लावणार नाही.

पाचवी पायरी: बैठक

माणसं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की मागची दोघं कुजबुजतात. सतरंजी अंथरा, खुर्च्या फक्त गुडघे दुखणाऱ्यांसाठी. स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आणा. पंखा कमी, फोन बाहेरच्या खोलीत. चहा मध्यंतरात द्यायचा, गाणं चालू असताना कपबशा वाजायला नकोत.

वेळ निवडताना रागाचा विचार करा. शास्त्रीय गायनाच्या अनेक जुन्या एलपींवर एका बाजूला सकाळचा राग असतो आणि उलट बाजूला संध्याकाळचा. दोन्ही बाजू सलग लावायचा मोह आवरा. रविवारी सकाळी आठला तोडीची बाजू, आणि त्याच मंडळींना पुढच्या महिन्यात दिवेलागणीला बोलवून दुसरी. एकच तबकडी दोनदा भेटते.

बाजू लावली की पूर्ण ऐकायची. मध्येच सुई उचलून "आता ही जागा ऐका" असं करायचं नाही. एखादी जागा पुन्हा ऐकावीशी वाटली तर बाजू संपल्यावर पहिल्यापासून. ख्यालाची बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवत नेणं, वीस मिनिटांत कशी बसवली आहे हे अखंड ऐकल्याशिवाय कळत नाही.

माझा क्रम असा असतो. सुरुवातीला ७८च्या दोन-तीन तबकड्या. अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व, जे घरात असेल ते. तीन मिनिटांत गाणं मांडायचं ही त्यांची अडचण होती, आणि त्यातून त्यांनी आटीव, घोटीव गाणं काढलं. अगदी जुनी तबकडी असेल तर शेवटी गायिका स्वतःचं नाव सांगते, तेही ऐकवा. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, त्याच्या शेवटी त्या आपलं नाव इंग्रजीत सांगतात. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या माणसांना हे गाणं कुणाचं ते कळावं म्हणून ही सोय होती. एवढं सांगून तबकडी लावली की मुलंसुद्धा शेवटपर्यंत कान देऊन बसतात.

मुलांसाठी दुसरी एक गोष्ट राखून ठेवा. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. ती तबकडी मिनिटाला १६ २/३ फेरे फिरवायची आहे. केसरबाईंची भैरवी तुमच्या संग्रहात असेल तर बैठक तिच्यावरच संपवा.

मधल्या वेळात एक एलपी. शास्त्रीय ऐकायची सवय नसलेली मंडळी असतील तर गीतरामायणापासून सुरू करा. पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये ते वेगवेगळ्या गायक-गायिकांच्या आवाजात झालं. १९६५ साली आलेल्या दहा एलपींच्या संचात मात्र सगळी छप्पन्न गाणी सुधीर फडके यांनी एकट्याने गायली आहेत. घरातल्या सत्तरीपुढच्या माणसाला रेडिओवरचा आवाज आठवत असतो आणि तबकडीवर वेगळाच येतो. मग तो जे बोलू लागतो ते कोणत्याही प्रस्तावनेपेक्षा चांगलं असतं. त्याला बोलू द्या, पण बाजू संपल्यावर.

दर बैठकीला एका पाहुण्याने स्वतःच्या घरची एक रेकॉर्ड आणायची, हा आमचा नियम. ती तो स्वतः कव्हरातून काढतो, कडा आणि लेबल यांनाच हात लावून. खाचांना बोट लागलं तर बोटाचं तेल तिथे राहतं आणि त्यावर धूळ धरते, हे एकदा प्रेमाने दाखवून दिलं की पुरतं. आठ वर्षांच्या मुलालाही सुई टेकवू द्या, हात धरून. आमच्याकडे आजवर एकही तबकडी मुलाच्या हातून फुटलेली नाही.

बैठकीनंतर

रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, पुस्तकांसारख्या, तिरक्या नाही. आडवी चळत लावली तर खालच्या वाकतात आणि लाखेच्या तडकतात. माळा नको, कारण पत्र्याखालच्या उन्हाने एलपी वाकते. बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाटही नको. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि एखाद्या कोरड्या दिवशी दारं उघडी टाका. कव्हराच्या आतली जुनी कागदी पिशवी पिवळी पडली असेल, कसर लागली असेल, तर पिशवी बदला. कव्हर मात्र टाकू नका, त्यावरचा मजकूर पुन्हा कुठे मिळत नाही.

दूरच्या नातेवाइकांना ऐकवायचं असेल तर यूएसबीवाला प्रीॲम्प्लिफायर आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. मूळ प्रत वेव्ह किंवा फ्लॅक या आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाइलमध्ये ठेवा आणि खरखर घालवण्याचे प्रयोग नकलेवर करा, कारण खरखरीबरोबर सारंगीही जाते. सगळ्यांसाठी नेटवर टाकण्याआधी थांबा. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो आणि शब्द व चाल यांचे हक्क निराळे असतात.

आणखी रेकॉर्ड्स हव्या असतील तर मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार आहेच. तिथे रेकॉर्ड कव्हरातून काढून, उन्हात तिरकी धरून बघा. नखाला लागणारा चरा असेल तर ठेवून द्या, नुसती पुसट रेघ असेल तर घ्या. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे. तुमच्याकडे एखादं अनोळखी नाव असलेलं लेबल निघालं, तर अशा जाणकारांना आधी दाखवा.

शेवटचं काम त्याच रात्री करायचं. एक वही ठेवा. तारीख, कोणती तबकडी, लेबलवरचा क्रमांक, कोणती बाजू, वेग किती ठेवला, सूर कुठला लागला, कोण कोण होतं आणि कोण काय म्हणालं. आमच्या वहीत एका पानावर शेजारच्या काकूंचं वाक्य आहे: "हे गाणं माझ्या आईला येत होतं, मला आत्ता कळलं." त्याखाली क्रमांक आणि बाजू लिहिलेली आहे. पुढच्या वेळी काकू येतील तेव्हा तीच तबकडी वर काढून ठेवलेली असते.