सतत बसणारा कानाचा दडा आणि कानातील टकटक : काय करावे, काय टाळावे

कानाला दडा बसतो, आवंढा गिळला की आतून ‘कट्’ असा आवाज होऊन तो क्षणभर सुटतो आणि थोड्याच वेळात पुन्हा बसतो. सर्दी केव्हाच गेलेली असते, तरी हे थांबत नाही. फारसे दुखत नसल्यामुळे भोवतालची माणसे या तक्रारीला क्षुल्लक समजतात. परंतु स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत असताना दिवसभर इतरांशी बोलणे किती थकवणारे असते, हे ज्याला भोगावे लागते त्यालाच कळते. या त्रासावर घरी करता येण्याजोगे बरेच काही आहे. मात्र त्यातील बहुतेक उपाय नाकाचे आहेत, आणि हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण महिनोन्महिने कानातच काहीबाही घालत राहतात.

कोणताही उपाय सुरू करण्यापूर्वी एक शंका दूर केली पाहिजे. आतल्या कानाला किंवा श्रवणाच्या नसेला अचानक इजा होऊन ऐकू येणे कमी झाले, तर तेही पुष्कळदा केवळ ‘कान बंद झाल्यासारखे’ जाणवते. सकाळी उठल्यावर एक कान भरल्यासारखा वाटतो, माणूस त्याला मळ किंवा सर्दी समजतो आणि उपचाराचे मोलाचे दिवस निघून जातात. यासाठी एक साधी परीक्षा घरी करता येते. तोंड मिटून ‘म्ऽऽ’ असा लांब हुंकार द्यावा आणि तो कोणत्या कानात मोठा ऐकू येतो, याकडे लक्ष द्यावे. मळ, हवेचा दाब किंवा पडद्यामागचा द्रव यांमुळे दडा बसला असेल, तर हुंकार दडा बसलेल्या कानातच मोठा वाटतो. श्रवणाच्या नसेचा बिघाड असेल, तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. डॉक्टर ध्वनिकाटा, म्हणजे ठोकल्यावर नाद देणारा धातूचा दुहेरी काटा, कपाळावर टेकवून जी तपासणी करतात, तिचेच हे घरगुती रूप आहे. दोन्ही कान बंद असतील तर या परीक्षेतून फारसे काही कळत नाही आणि तज्ज्ञांच्या तपासणीची जागा ती घेऊ शकत नाही. तरीही ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत उतरले असेल, तर हुंकार कोणत्याही कानात वाजो, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. या आजारावर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, आणि त्यातही जितका लवकर, तितका उपयोगी ठरतो.

ही शंका उरली नाही की मग नेहमीच्या कारणाकडे वळावे. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिच्या आतील अस्तर ही हवा सतत थोडीथोडी शोषून घेत असते, आणि कमी झालेली हवा भरून काढण्याचे काम युस्टेशियन नलिका करते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीररचनातज्ज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी यांच्या नावाने ओळखली जाणारी ही नळी प्रौढ माणसात सुमारे ३.५ सेंटिमीटर लांब असते आणि नाकाच्या अगदी मागच्या भागात, टाळूच्या वर उघडते. एरवी ती मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचे स्नायू तिला ओढून क्षणभर उघडतात. सर्दी, अ‍ॅलर्जी, सायनसची सूज, तंबाखूचा धूर किंवा पोटातील आम्ल घशाशी येणे यांमुळे नळीचे तोंड सुजले की ती नीट उघडत नाही, मध्यकर्णातील दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो आणि दडा बसतो. मध्येच नळी उघडली की हवा आत शिरते, पडदा जागेवर येतो आणि ‘कट्’ असा आवाज होतो. या आवाजाची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण तो नळी उघडल्याची खूण आहे. दाब फार दिवस उतरलेला राहिला, तर मात्र अस्तरातून द्रव पाझरून मध्यकर्णात साचतो. मग टकटकीऐवजी बुडबुडे फुटल्यासारखी चुरचुर ऐकू येते आणि ऐकण्यातही फरक पडतो.

प्रत्येक दडा या नळीचाच असतो असे नाही. आंघोळ किंवा पोहणे झाल्यावर एकाएकी कान बंद झाला आणि गिळल्याने त्यात काहीच फरक पडत नसेल, तर बहुधा मळ पाण्याने फुगलेला असतो. अशा वेळी ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे दोन-तीन थेंब दिवसातून तीन-चार वेळा, तीन ते पाच दिवस घालून मळ मऊ होऊ द्यावा; पडद्याला छिद्र असेल, कान वाहत असेल किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र कानात काहीही घालू नये. टकटक चावताना किंवा तोंड मोठे उघडताना होत असेल आणि कानाच्या पुढचा भाग दाबल्यावर दुखत असेल, तर दोष जबड्याच्या सांध्याचा असण्याची शक्यता अधिक. रात्री दात खाण्याची सवय असलेल्यांनी याचा विचार जरूर करावा.

नाकापासून सुरुवात

नळीचे तोंड नाकाच्या मागे असल्यामुळे नाक मोकळे आणि सूजविरहित ठेवणे हाच खरा उपचार आहे. पहिली पायरी मिठाच्या पाण्याने नाक धुण्याची. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात सपाट चमचाभर, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, मीठ विरघळवावे. यापेक्षा फार कमी किंवा फार जास्त मीठ असेल, तर नाकात झोंबते. नळाचे पाणी तसेच्या तसे कधीही वापरू नये, कारण न उकळलेल्या पाण्यातील काही जंतू पोटात निरुपद्रवी असले तरी नाकावाटे गेल्यास जिवावर बेततात. वाकून, तोंडाने श्वास घेत, एका नाकपुडीत पाणी हलकेच सोडावे आणि ते दुसरीतून वाहू द्यावे. पिचकारीचा जोर वाढवू नये आणि धुऊन झाल्यावर नाक करकचून शिंकरू नये. एकेक नाकपुडी मोकळी ठेवून हलकेच शिंकरावे, नाहीतर तेच पाणी नळीत ढकलले जाते.

शिंका, नाकाला खाज, पाण्यासारखे नाक वाहणे अशी अ‍ॅलर्जीची लक्षणे सोबत असतील, तर डॉक्टर बहुधा स्टिरॉइडचा नाकातील फवारा देतात. दोन दिवसांत गुण आला नाही म्हणून हा फवारा बाजूला ठेवणारे रुग्ण फार आहेत. वास्तविक तो रोज, न चुकता, काही आठवडे वापरावा लागतो. आणि वापरण्याची पद्धत चुकली, तर औषध घशात उतरून वाया जाते. नाक धुतल्यानंतर दहा-एक मिनिटांनी बाटली हलवून घ्यावी, डोके किंचित पुढे झुकवावे (मागे टाकू नये), डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात आणि उजव्या नाकपुडीसाठी डावा हात वापरावा, म्हणजे बाटलीचे टोक आपोआप नाकाच्या मधल्या पडद्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला वळते. फवारा मारताना श्वास सावकाश आत घ्यावा, जोराने ओढू नये. औषधाची चव घशात लागली, तर श्वास फार जोरात ओढला गेला असे समजावे. मधल्या पडद्यावर पुन्हापुन्हा औषध पडल्यास नाकातून रक्त येऊ शकते, म्हणून हाताची ही अदलाबदल महत्त्वाची आहे. ज्यांना अ‍ॅलर्जी नाही, त्यांच्या नुसत्या दड्यावर या फवाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे.

नाक झटपट मोकळे करणारे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब याहून अगदी वेगळे आहेत. त्यांनी पाच मिनिटांत बरे वाटते आणि तेच त्यांचे संकट आहे: आठवड्यापेक्षा अधिक काळ वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच नाक पूर्वीपेक्षा जास्त चोंदते आणि माणूस थेंबांशिवाय राहू शकत नाही. पाच दिवसांनंतर ते बंद करावेत. नाक मोकळे करण्यासाठी पोटात घ्यायच्या गोळ्या रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

नळी उघडण्याचे व्यायाम

सर्वांत निर्धोक व्यायाम गिळण्याचा. नाक चिमटीत धरून पाण्याचा एक घोट गिळावा; यामुळे घशातील दाब बदलतो आणि नळी उघडण्यास मदत होते. जांभई देणे, च्युइंगम चघळणे हेही त्याच कामाचे.

दुसरा व्यायाम सर्वांना ठाऊक असतो, परंतु तो नीट करणारे थोडे. दीर्घ श्वास घ्यावा, तोंड मिटावे, नाक चिमटीत धरावे आणि हवा अगदी हळू, वाढत्या दाबाने नाकाकडे सोडावी. कानात हलकेच ‘फट्’ झाले की तत्काळ थांबावे. दोन-तीन सेकंदांत काही झाले नाही, तर जोर वाढवण्याऐवजी सोडून द्यावे आणि थोड्या वेळाने पुन्हा करून पाहावे. अधिक जोर लावल्यास नळीचे सुजलेले तोंड उलट घट्ट मिटते आणि क्वचित आतल्या कानालाही इजा पोहोचते. नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड येत असताना हा व्यायाम अजिबात करू नये, कारण त्यातून संसर्ग मध्यकर्णात जाऊ शकतो. दुखले किंवा चक्कर आली, तर तो सोडून द्यावा. पडद्यामागे द्रव साचलेल्या मुलांसाठी नाकाने फुगवायचा खास फुगा मिळतो. तोंडाने फुगवायच्या साध्या फुग्याने ते काम होत नाही.

एक सवय मात्र निग्रहाने मोडावी, ती म्हणजे नाक सतत आत ओढण्याची. प्रत्येक ओढीबरोबर मध्यकर्णातील हवा खेचली जाऊ शकते आणि पडदा आणखी आत जातो. वर्षानुवर्षे असे करणाऱ्यांचा दडा औषधांनी हटत नाही. कानात काडी किंवा कापसाची कांडी घालू नये, आणि कानात मेणबत्ती जाळून ‘मळ ओढण्याचा’ प्रकार तर मुळीच करू नये. त्याने मळ निघत नाही, मात्र कान भाजू शकतो.

सर्दी असताना विमानप्रवास शक्य तर पुढे ढकलावा. जाणेच भाग असेल, तर विमान उतरू लागण्याच्या अर्धा-एक तास आधी नाक मोकळे करणारा फवारा मारावा आणि उतरण्याच्या काळात झोपू नये, कारण झोपेत गिळणे फार कमी होते.

नळी उघडीच राहिली तर

काहींच्या बाबतीत नेमके उलटे घडते. नळी मिटायला हवी तेव्हा मिटत नाही, आणि स्वतःचा श्वासही कानात वादळासारखा ऐकू येतो. वजन झपाट्याने उतरल्यावर किंवा गरोदरपणात असे होते. आडवे झाल्यावर किंवा डोके गुडघ्यांत घातल्यावर हे घुमणे थांबत असेल, तर ही ओळख बरीचशी पक्की समजावी. अशा रुग्णाने वरील व्यायाम व नाक सुकवणारी औषधे टाळावीत, पाणी भरपूर प्यावे आणि निदान डॉक्टरांकडून करून घ्यावे.

तज्ज्ञांकडे केव्हा जावे

सर्दीनंतरचा दडा बहुतेकांत दोन आठवड्यांत सुटतो, काहींना सहा आठवडेही लागतात. त्यापुढे वाट पाहू नये. कान वाहणे, तीव्र वेदना, गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे यांपैकी काहीही दिसले, तर आठवडे मोजत बसण्याचा प्रश्नच नाही. दडा, कानात आवाज आणि कमी ऐकू येणे यांच्यासोबत गरगरण्याचे झटके पुन्हापुन्हा येत असतील, तर दोष आतल्या कानात असू शकतो.

डॉक्टर पडदा पाहतात, श्रवणचाचणी घेतात आणि टिंपॅनोमेट्री करतात. कानात मऊ बोंडी बसवून दाब थोडा कमी-जास्त करत पडदा किती हलतो, हे या चाचणीत मोजतात. आलेख सपाट आला, तर पडद्यामागे बहुधा द्रव असतो. शिखर ऋण दाबाकडे सरकले, तर नळी पुरेशी उघडत नाही. प्रौढ माणसाच्या एकाच कानात द्रव साचून राहिला असेल, तर नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने पाहिलाच पाहिजे, कारण तेथील गाठ, क्वचित कर्करोगाचीही, हेच पहिले लक्षण दाखवते. ही तपासणी डॉक्टरांनी सुचवली नाही, तर आपण होऊन विचारावी. ती काही मिनिटांची असते. औषधांनी भागले नाही, तर पडद्यात बारीक नळी, म्हणजे ग्रोमेट, बसवून हवेला दुसरी वाट करून देतात. ती बहुधा सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. निवडक रुग्णांत युस्टेशियन नलिकेत फुगा घालून ती रुंद करण्याचा पर्यायही असतो. तपासणीला जाताना दडा कोणत्या बाजूला आहे, केव्हा सुरू झाला, गिळल्याने किंवा आडवे झाल्याने त्यात काय फरक पडतो आणि नाकातील कोणते औषध किती दिवस वापरले, हे लिहून न्यावे; निम्मे निदान एवढ्या माहितीवरच होते.