दूध संस्थेचा डेटाबेस अझ्युअरवर ठेवायचा तर

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, शिरोळकडच्या नदीकाठच्या दूध संस्थांना मी संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडायला लागली की सचिव आधी फॅट मशीन हलवतो, मग काटा, आणि कॉम्प्युटरचं नंतर बघू म्हणतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ‘डाटा तेवढा बाहेर कुठंतरी ठेवा’ हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मी तो मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरवर, म्हणजे त्यांच्या भाड्यानं मिळणाऱ्या क्लाउडवर ठेवतो. कसा, ते सांगतो.

अझ्युअर पोर्टलमध्ये ‘एसक्यूएल डेटाबेसेस’ शोधा आणि ‘क्रिएट’ दाबा. संस्थेच्या नावाचा नवा रिसोर्स ग्रुप (सगळं एकत्र ठेवायचा कप्पा) करा, डेटाबेसला नाव द्या. मग सर्व्हर, ज्याच्याखाली हा डेटाबेस राहतो. त्याचं नाव अख्ख्या अझ्युअरमध्ये दुसऱ्या कुणाचं नसावं लागतं, म्हणून संस्थेच्या नावापुढं पिनकोड जोडून टाका. लोकेशन ‘सेंट्रल इंडिया’ घ्या. ते पुण्यात आहे. लॉगिनसाठी एसक्यूएल ऑथेंटिकेशन (साधं नाव आणि पासवर्ड) चालेल, पण ‘अॅडमिन’ किंवा ‘एसए’ असली नावं ते घेत नाही. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात, मॉनिटरला चिकटवून नव्हे. इलास्टिक पूल म्हणजे अनेक डेटाबेसना मिळून एकच ताकद; त्याला ‘नो’. एका संस्थेला एक सिंगल डेटाबेस पुरे.

आता ‘कम्प्यूट अँड स्टोरेज’. इथं घाई करू नका, महिन्याचं बिल इथंच ठरतं.

सर्व्हरलेस बघून सगळे भुलतात: काम नसलं की डेटाबेस झोपतो आणि तेवढ्या वेळाचे फक्त स्टोरेजचे पैसे. त्यात फुकटची योजनाही आहे, महिन्याला एक लाख व्हीकोअर सेकंद. एक व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरचा एक भाग, सेकंदभर वापरला की एक मोजायचा. पण हिशेब मांडा. सकाळी दोन तास संकलन, संध्याकाळी दोन, आणि मूळ सेटिंगनुसार दोन्ही वेळा झोपण्याआधी वाट बघण्याचा एकेक तास. झाले सहा तास. कमीत कमी अर्ध्या व्हीकोअरनं धरलं तरी दिवसाला १०,८०० सेकंद जातात. म्हणजे दहा दिवसांचं दुधाचं बिल निघायच्या आतच लाख संपले. शिवाय झोपलेल्या डेटाबेसला पहाटेचं पहिलं कनेक्शन ४०६१३ नंबरची एरर देतं आणि जागं व्हायला मिनिटभर घेतं. बाहेर किटल्यांची रांग लागलेली असताना ते मिनिट कोण समजावून सांगणार? आणि सचिवानं प्रोग्राम उघडा ठेवून घर गाठलं, तर कनेक्शन चालू म्हणून डेटाबेस रात्रभर झोपतच नाही.

म्हणून मी डीटीयूमधला ‘बेसिक’ घेतो. डीटीयू म्हणजे डेटाबेसच्या ताकदीचं एकत्र माप. पाच डीटीयू, दोन जीबी, कधी झोपत नाही, महिन्याचा आकडा ठरलेला. तीनशे उत्पादक दोन्ही वेळा दूध घालत असले तरी वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत नोंदी. दोन जीबीला बरीच वर्षं धक्का लागत नाही. बिलाच्या दिवशी रिपोर्ट रेंगाळला तर तेवढ्यापुरतं वरच्या ‘एस झिरो’ पायरीवर चढवा आणि काम झालं की खाली आणा. बदलताना कनेक्शन क्षणभर तुटतं, तेव्हा संकलन चालू असताना हा उद्योग नको.

नेटवर्किंगमध्ये ‘पब्लिक एंडपॉइंट’ (इंटरनेटवरून पोचायची वाट) निवडा आणि स्वतःचा चालू आयपी, म्हणजे नेटवरचा पत्ता, जोडून घ्या. संस्थेत नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, आयपी सारखा बदलतो. यावर काही जण फायरवॉल सगळ्या जगाला उघडी करून मोकळे होतात. तसं करू नका. मधे अझ्युअरवरच छोटी वेब सर्व्हिस ठेवा; संस्थेचा कॉम्प्युटर तिच्याशी बोलेल आणि डेटाबेसशी फक्त ती.

टेबलं करताना दोन गोष्टी. उत्पादकाच्या नावाचा कॉलम ‘एनव्हारचार’ या मराठी अक्षरं साठवणाऱ्या प्रकारचा ठेवा आणि क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) मराठी मजकूर थेट लिहिताना अवतरणाआधी मोठा ‘एन’ लावा. नाहीतर सगळ्या पाटलांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ती पैशाला भिडते. हा डेटाबेस यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर चालतो. आपण त्याच्या साडेपाच तास पुढं. पहाटे पाचला घातलेलं दूध ‘गेटडेट’ या चालू वेळ देणाऱ्या फंक्शननं नोंदवलं की त्यावर कालची तारीख पडते. अकरा तारखेला साडेपाचच्या आत आलेला माणूस आधीच्या दहा दिवसांच्या बिलात जातो आणि सहाला आलेला त्याचा भाऊ पुढच्या. सिंगल डेटाबेसचं टाइम झोन बदलता येत नाही. तेव्हा ‘सिसडेटटाइमऑफसेट’ या फंक्शननं दिलेल्या वेळेला ‘अॅट टाइम झोन’नं ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’मध्ये आणा, मग त्यातून तारीख काढा. सकाळ की संध्याकाळ हा कॉलम मात्र वेगळाच ठेवा. घड्याळावरून ओळखत बसू नका.

बॅकअप आपोआप होतो, पण ‘बेसिक’मध्ये जास्तीत जास्त सात दिवस मागं जाता येतं. प्रत्येक बिलानंतर ‘एक्स्पोर्ट’ करून बॅकपॅक फाइल (डेटाबेसची अख्खी प्रत) अझ्युअरच्या स्टोरेज अकाउंटमध्ये टाका. आणि सर्व्हर डिलीट करण्याआधी दोनदा बघा: नुसता डेटाबेस उडाला तर त्या मुदतीत परत आणता येतो, सर्व्हरच उडवला तर हे सात दिवसांचे बॅकअपही त्याच्याबरोबर जातात.