कॅनाल द्यु मिदीवर एक दिवस

फ्रान्समध्ये तुलूझ शहरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा सुमारे 240 किलोमीटरचा हा कालवा 1681 साली पूर्ण झाला. एका दिवसासाठी ट्रेब ते मार्सेयेत या दोन गावांमधला टप्पा निवडावा. भाड्याची बोट चालवण्यासाठी परवाना लागत नाही; निघण्यापूर्वी मिळणारे प्रशिक्षण मात्र लक्षपूर्वक घ्यावे.

खरे कौशल्य लागते ते लॉकमध्ये, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कोठीत. ट्रेबच्या तिहेरी लॉकमधून उतरताना एकाने आधीच काठावर उतरावे आणि पुढचा व मागचा असे दोन्ही दोर खुंट्यांभोवती केवळ वळसा देऊन बोटीवरच्या माणसांच्या हाती परत द्यावेत. दोराला गाठ कधीही मारू नये, कारण पाणी झपाट्याने खाली जाते आणि बांधलेली बोट अधांतरी लटकू शकते. त्यामुळे पातळी उतरेल तसतसा दोर हळूहळू सोडत राहावे. या कालव्याच्या लॉकच्या भिंती लंबवर्तुळाकार असल्याने बोट मध्येच तिरकी होते, म्हणून दोघांनीही दोर ढिला पडू देऊ नये.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतात, तेव्हा त्या वेळेचा हिशेब आधीच करावा. पुढच्या सुमारे 9 किलोमीटरमध्ये एकही लॉक नाही. तिथे ताशी 8 किलोमीटरची मर्यादा पाळावी आणि काठाला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही सावकाश जावे, कारण लाटांनी मातीचे काठ ढासळतात.