साखळी अपघातात दोष कुणाचा, हे कसे ओळखावे

'मागनं ठोकलं म्हणजे मागच्याचीच चूक' हा आपल्याकडचा रस्त्यावरचा निवाडा. दोन गाड्या असतील तर तो बहुतेक वेळा बरोबरही ठरतो. पण पुणे-बेंगळुरू महामार्गावर निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या उतारावर किंवा कोगनोळी टोल नाक्याच्या रांगेत तीन-चार गाड्या एकमेकींवर आदळल्या की मधला सापडतो. पुढचा त्याच्याकडे भरपाई मागतो, मागचा म्हणतो, 'तुम्हीच आधी धडकलात.' म्हणून अशा अपघाताकडे एक अपघात म्हणून पाहू नये. प्रत्येक धडक वेगळी धरून तपासावी.

सगळ्यात आधी माणसे. चारही इंडिकेटर चालू ठेवा, सगळ्यांना रस्त्याबाहेर काढा. कुणी जखमी असेल तर 112 वर कळवा, राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी 1033 आहे. मागून येणारा ट्रक ही अजून न संपलेली धडक असते. फोटोच्या नादात रस्त्यावर उभे राहू नका.

जागा सुरक्षित असेल तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढा. आधी सगळी रांग एका चौकटीत, मग प्रत्येक दोन गाड्यांमधली जागा, टायरच्या खुणा आणि खाली सांडलेली माती. काचा पुढे उडून जातात, पण मडगार्डाखालची वाळलेली माती धडकेच्या जागेजवळच गळते. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी ब्रेक यंत्रणा) असलेल्या गाडीच्या टायरच्या खुणा फिकट असतात, त्या लगेच टिपा.

मग सर्वात पुढच्या गाडीतल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: धक्का एक बसला की दोन? एकच बसला असेल तर मधली गाडी थांबलेली होती आणि मागच्याने तिला ढकलली, ही शक्यता मोठी. दोन बसले असतील तर मधला बहुधा आधी स्वतः धडकला आणि नंतर त्याला मागून ठोकर बसली. हे उत्तर त्याच जागी, साक्षीदारांसमोर घ्या. दोन दिवसांनी आठवणी बदलतात.

हिशेबही सोपा आहे. सारख्या वजनाच्या दोन गाड्या धरा. मागची ताशी 36 किमीने मधल्या उभ्या गाडीवर आदळून तिला चिकटली, तर दोन्ही मिळून ताशी 18 किमीने पुढे सरकतात. मधल्याचा पाय ब्रेकवर असेल तर त्याहूनही कमी. म्हणजे ढकलल्या गेलेल्या गाडीची मागची बाजू जास्त चेपलेली आणि पुढची कमी, असे दिसायला हवे. उलटे दिसले तर मधल्याला प्रश्न विचारावे लागतील.

पण मागे भरलेला ट्रक असेल तर हा नियम लावू नका. 16 टनांचा ट्रक त्याच वेगाने 1 टनाच्या कारवर आदळला, तर कारचा वेग जवळपास ताशी 34 किमी होतो. मग तिचे तोंडही तितकेच फुटते आणि निर्दोष मधला दोषी दिसू लागतो. आपल्या महामार्गावर अवजड वाहने किती आहेत हे पाहता, माझ्या मते सर्वात जास्त अन्याय इथेच होतो.

फुटलेले टेललाइट गॅरेजवाल्याला टाकू देऊ नका. जुन्या पद्धतीच्या बल्बमधली तार पेटलेली असताना धक्का बसला तर ती ताणून वाकडी होते. ब्रेक दाबला होता की नव्हता, हे त्यावरून तज्ज्ञाला सांगता येते. एलईडीत ही सोय नाही, तिथे डॅशकॅम, म्हणजे गाडीत लावलेला रस्ता टिपणारा कॅमेराच कामाला येतो.

कायदा दोघांनाही बांधतो. मागच्याने पुरेसे अंतर ठेवायचे: ताशी 80 किमी वेगात ब्रेकवर पाय पडेपर्यंतच गाडी सुमारे 33 मीटर जाते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 36 मीटर लागतात. पुढच्याने सुरक्षेची गरज नसताना अचानक ब्रेक लावायचा नाही. कोइम्बतूरच्या एका अपघातात कारने महामार्गावर अचानक ब्रेक लावला, मागचा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून पडला आणि बस त्याच्या अंगावरून गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये कारचालकावर 50 टक्के, बसवर 30 आणि दुचाकीस्वारावर 20 टक्के दोष ठेवला. गळिताच्या हंगामात अंधारात दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर कुणी आदळले, तर तिथेही दोष असाच वाटला जाऊ शकतो.

पोलिसांना लवकरात लवकर, 24 तासांच्या आत कळवा, विमा कंपनीलाही. बेळगाव भागात पंचनामा कन्नडमध्ये लिहिला जातो. वाचता येत नसेल तर वाचून, समजावून द्यायला सांगा. कुठली गाडी आधी धडकली हे वाक्य नीट ऐकल्याशिवाय सही करू नका. जखमींच्या भरपाईचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. हा दावा अपघात झाला त्याच ठिकाणी करावा लागतो असे नाही. निपाणीजवळ ठोकर बसलेला कोल्हापूरचा माणूस तो कोल्हापुरातही दाखल करू शकतो.