वाघ, साप, क्रौंच शिकताय? मग या चुका टाळा

कोथरूडला रविवारी सकाळी टेरेसवर प्राण्यांच्या शैलीतल्या मार्शल आर्टची आमची छोटी बॅच असते, तिथं नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी वाघाचा पंजा हवा असतो. बोटं वाकडी, दात आवळलेले, डोळे मोठे, आणि खाली पाय बघावेत तर पीएमटीची वाट बघत उभं असल्यासारखे. सगळ्यात मोठी चूक हीच, प्राणी हातात शोधायचा. तो पायात आणि कमरेत असतो हो, अंगाचं वजन कुठून कुठं जातंय त्यात असतो, हात शेवटी येतो.

आता पंजाच घ्या. दक्षिण चीनच्या हुंग गार या कुंग फू शैलीत वाघाचा पंजा म्हणजे बोटांनी टोचणं नाही, आधी तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग लागतो आणि मग बोटं पकडून ओढतात. आपली मुलं बोटं ताठ करून पॅडमध्ये घुसवतात, करंगळी दुमडते आणि पुढचे पंधरा दिवस टेप लावून बसायचं. उपाय सोपा आहे, पॅडवर अगदी हळू दहा वेळा मारा आणि आवाज ऐका. जाड ‘थप’ आला तर बरोबर, पातळ ‘चट’ आला तर बोटं आधी पोचतायत, हात थोडा मागे वाकवा आणि परत करा.

दुसरं गुडघे, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण इथं माणसं कायमची बाद होतात. केरळच्या कलारीपयट्टू या युद्धकलेत आठ वडिवु, म्हणजे प्राण्यांचे पवित्रे, शिकवतात, हत्ती, सिंह, घोडा, रानडुक्कर, साप, मांजर, मोर, कोंबडा. तिथं ते मातीच्या जमिनीवर करतात, आधी पाय उचलायचे व्यायाम महिनोन् महिने करून घेतात, आणि आपण इथं सोसायटीच्या टाइल्सवर दुसऱ्याच दिवशी हत्तीत खाली बसायला जातो. मी एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला गेलो होतो, तिथल्या शिकवणाऱ्यांनी खांदे दाबून मला खाली बसवलं, त्यानंतर दोन महिने जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. तेव्हापासून मी कुणालाही दाबून बसवत नाही. मोबाइल समोर ठेवून व्हिडिओ काढा, गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनंच जातोय का बघा, आत पडत असेल तर तेवढं वर या. खोल बसणं नंतर येतं, घाई नको.

मांजराचा स्टान्स कराटेतही आहे, नेको-आशी-दाची. जवळजवळ सगळं वजन मागच्या पायावर, पुढचा पाय फक्त चवड्यावर टेकलेला. लोक मधेच कुठंतरी उभे राहतात आणि मग पुढच्या पायानं किक मारायला आधी अंग मागे घ्यावं लागतं, समोरच्याला तेवढ्यात कळतं. चेक करायचं असेल तर डोकं अजिबात न हलवता पुढचा पाय उचलून बघा, जमला तर वजन योग्य जागी आहे. सदाशिव पेठेत एखाद्या वाड्याच्या भिंतीवर मांजर उडी मारायच्या आधी बघा कधी, मागचा भाग आधी दबतो, पुढचे पाय हलके राहतात. तेच करायचंय आपल्याला.

आणि हो, स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, पोझ धरून थांबू नका. वडिवु हा फोटो नाही, त्यातून निघून मारायचं किंवा सुटायचं असतं. क्रौंचात तर हे फारच होतं, एका पायावर उभं राहिलं की मुलं तिथंच डुलत बसतात. खालचा गुडघा किंचित सैल ठेवा, एका जागी नजर ठेवा आणि पाय लगेच खाली आणा.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची अजून एक गडबड होते. हुआ तुओ या चिनी वैद्यांच्या नावानं ओळखला जाणारा पाच प्राण्यांचा खेळ, वाघ, हरीण, अस्वल, माकड, क्रौंच, हा तब्येतीचा व्यायाम आहे, त्यातून फाइट शिकता येणार नाही. शाओलिन कुंग फूचे पाच वेगळे, वाघ, बिबट्या, साप, क्रौंच, ड्रॅगन. दोन्हीत वाघ दिसला म्हणून दोन्ही एकत्र करू नका.

कथांचंही तसंच. चीनमध्ये वांग लांगनं सिकाडा पकडणाऱ्या मॅन्टिस या किड्याकडून शैली घेतली, फांग छीन्यांगनं पांढऱ्या क्रौंचाकडून, आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांना माकडं बघून मल्लखांब सुचला असं सांगतात. मुलांना जरूर सांगा, मलाही फार आवडतात, फक्त दंतकथा म्हणून सांगा.

शेवटी एक होमवर्क देतो मी सगळ्यांना. कात्रजच्या झूमध्ये जा, वाघापाशी अर्धा तास उभे राहा आणि पंजाकडे बघूच नका, चालताना खांदे कसे आळीपाळीनं वर येतात आणि डोकं एका रेषेत राहतं तेवढंच बघा. बुधवारी बंद असतं, तो सोडून कुठल्याही दिवशी जा.